शेजारच्या प्लॅनिंग ॲप्लिकेशनवर हरकत कशी घ्यायची? इंग्लंडमध्ये नवीन आलेल्यांसाठी

शेजाऱ्याने बांधकामाच्या परवानगीसाठी अर्ज (प्लॅनिंग ॲप्लिकेशन) केला की कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या पालिकेकडून, एक साधं पत्र येतं, त्यात शेजारच्या घराचा पत्ता, एक रेफरन्स नंबर, 'टू स्टोरी रिअर एक्स्टेन्शन' (मागे दुमजली वाढीव बांधकाम) असलं काहीतरी आणि खाली एक तारीख. बऱ्याच जणांना वाटतं हे नुसतं माहितीसाठी पाठवलंय, मग ते कौन्सिल टॅक्सच्या पत्रांबरोबर ड्रॉवरमध्ये जातं, आणि काही महिन्यांनी किचनच्या खिडकीसमोर विटांची भिंत चढायला लागली की व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न येतो, आता काय करता येईल? तेव्हा जवळपास काहीच करता येत नाही. म्हणून एकदा नीट लिहून टाकतोय, ज्याला लागेल त्याला लिंक पाठवता येईल.

हे फक्त इंग्लंडपुरतं आहे हां. स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंडचे कायदे वेगळे, तिकडच्या मंडळींनी आपापल्या कौन्सिलची साइट बघावी.

दर वेळी विचारली जाणारी शंका आधी घेतो: मी व्हिसावर आहे, भाड्याने राहतो, मला हरकत घेता येते का? येते. कोणालाही येते, घराचा मालक असायची गरज नाही, फी नाही, वकील लागत नाही, आणि व्हिसाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. विरोधच करायला हवा असंही नाही, पाठिंबा देता येतो किंवा 'न्यूट्रल' म्हणून नुसता एखादा मुद्दा नोंदवता येतो.

आपल्या लोकांची गडबड होते ती तिकडच्या सवयीमुळे. महाराष्ट्रात 'हरकती व सूचना' म्हटलं की डीपी आठवतो, १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे नगररचना कायद्याखाली शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर होतो, मग लोक गठ्ठ्याने अर्ज देतात (पुण्यात २०१३ साली जुन्या हद्दीच्या आराखड्यावर ऐंशी हजारांच्या वर हरकती आल्या होत्या), मग सुनावणी, मग वर्षानुवर्षं वाट. आणि शेजारच्या प्लॉटवर बिल्डिंग उठणार असेल तर परवानगी देताना पालिका काही शेजाऱ्याला पत्र पाठवून विचारत नाही, पोकलेन आला की आपल्याला कळतं. इथे एका घराच्या एक्स्टेन्शनलाही शेजाऱ्याला विचारतात, पण आपण येतो तो गठ्ठ्याचा हिशोब डोक्यात घेऊन, पन्नास सह्या गोळा करू, सगळ्या गल्लीला तेच ईमेल फॉरवर्ड करू. त्याला इथे फार वजन नाही. बऱ्याच कौन्सिलांमध्ये शंभर सह्यांचं पिटिशन म्हणजे एकच हरकत धरतात. तुमची एकट्याची एक पानाची कॉमेंट, पण त्यात प्लॅनिंगच्या कायद्याने ज्याचा विचार करावाच लागतो असा मुद्दा असेल, तर अर्ज तपासणाऱ्या कौन्सिलच्या ऑफिसरला रिपोर्टमध्ये त्याचं उत्तर द्यावं लागतं. सगळा खेळ त्या मुद्द्याचा आहे.

पहिलं काम: तारीख

मुदत कमीतकमी २१ दिवसांची असते. साध्या अर्जाला कौन्सिलने लगतच्या घरांना पत्र पाठवायचं किंवा जागेवर नोटीस लावायची, दोन्हीपैकी एक केलं तरी चालतं, त्यामुळे पत्र आलं नाही म्हणून कौन्सिल चुकली असं लगेच ठरवू नका. दिव्याच्या खांबाला केबल टायने बांधलेला प्लॅस्टिकमधला कागद असतो, तो येता-जाता वाचायची सवय लावा. दहा किंवा जास्त घरांच्या मोठ्या अर्जाला लोकल पेपरातही जाहिरात येते, पण लोकल पेपर वाचतो कोण. त्यापेक्षा कौन्सिलच्या प्लॅनिंग साइटवर अकाउंट उघडा आणि आपल्या पोस्टकोडच्या आसपासच्या अर्जांचा ईमेल अलर्ट लावा, बहुतेक ठिकाणी ही सोय आहे.

साध्या अर्जाचा निर्णय ८ आठवड्यांत आणि मोठ्या अर्जाचा १३ आठवड्यांत व्हायला हवा, तो लांबतोही. मुदत संपली असेल तरी साइटवर 'पेंडिंग' दिसत असेल तर कॉमेंट टाका, निर्णय व्हायच्या आत आलेली कॉमेंट ऑफिसर सहसा बघतो. पण २१ दिवसांनंतर तुमच्यासाठी थांबायचं त्याला बंधन नाही, त्यामुळे यावर भिस्त ठेवू नका. अर्जाच्या पानावर केस ऑफिसरचं नाव असतं, त्याला ईमेल करून विचारा की निर्णय साधारण कधी, मुदत एक-दोन दिवस मागे-पुढे चालेल का. ऑफिसर लोक नीट विचारलं तर नीट उत्तर देतात, असा माझा तरी अनुभव आहे.

दुसरं: हा अर्ज नक्की कसला आहे

हे कोणी बघत नाही आणि इथेच निम्मी मेहनत वाया जाते. सगळे अर्ज सारखे नसतात, कशावर बोलता येईल ते अर्जाच्या प्रकारावर ठरतं.

'हाउसहोल्डर' (राहत्या घरातला बदल) किंवा 'फुल' (संपूर्ण परवानगी) असेल तर ठीक, खाली लिहिलेले सगळे मुद्दे चालतात.

'लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट' असेल तर तुम्हाला आवडतंय की नाही याला काही जागाच नाही. तो माणूस परवानगी मागत नाहीये, त्याचं म्हणणं आहे की हे बांधायला परवानगी लागतच नाही, आणि कौन्सिल फक्त मापं नियमात बसतात का एवढं बघते. तिथे तुमच्याकडे ठोस माहिती असेल तरच लिहा, म्हणजे मूळ घराला आधीच एक एक्स्टेन्शन झालेलं आहे आणि ते ड्रॉइंगमध्ये 'ओरिजिनल' म्हणून दाखवलंय, असलं काहीतरी.

'प्रायर अप्रूव्हल', लार्जर होम एक्स्टेन्शन: हा मात्र नीट समजून घ्या. टेरेस (रांगेतल्या) किंवा सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने जोडलेल्या) घराला मागे एकमजली ३ मीटर आणि डिटॅच्ड (सुट्या) घराला ४ मीटर एवढं एक्स्टेन्शन उंची वगैरेच्या अटी पाळून प्लॅनिंग परवानगीशिवाय करता येतं, याला परमिटेड डेव्हलपमेंट म्हणतात. त्यापुढे अनुक्रमे ६ मीटर आणि ८ मीटरपर्यंत जायचं असेल तर कौन्सिलला कळवावं लागतं आणि कौन्सिल लगतच्या शेजाऱ्यांना पत्र पाठवते. आता गंमत बघा, लगतच्या एकाही शेजाऱ्याने हरकत घेतली नाही तर शेजाऱ्यांना काय त्रास होईल हे कौन्सिल तपासतच नाही, अर्ज तसाच पुढे सरकतो. एकाने जरी घेतली तरी तपासावंच लागतं, आणि तेही लगतच्या सगळ्या घरांवरचा परिणाम. बाकी सगळीकडे संख्येला किंमत नाही म्हणतो मी, पण इथे शून्य आणि एक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. संपूर्ण प्रकरण ४२ दिवसांत आटपतं, त्यामुळे हे पत्र आलं तर त्याच आठवड्यात बसा.

आणि मोठ्या साइटवर 'रिझर्व्ह्ड मॅटर्स' लिहिलं असेल तर समजा की तिथे घरं होणार हे 'आउटलाइन' परवानगीत आधीच ठरून गेलंय, आता फक्त दिसणं, उंची, मांडणी, झाडं यावर बोलता येतं. 'इथे घरंच नकोत' हे बोलायची वेळ त्याच्याही आधी, कौन्सिलचा लोकल प्लॅन तयार होत असताना असते. तो प्लॅन म्हणजे इथला डीपीच, त्यावर लोकांना सहा आठवडे वगैरे मुदत देतात आणि तेव्हा फारसं कोणी फिरकत नाही, मग शेतात खुणा रोवल्या की सगळे जागे होतात. आपण लोक मुंबई-पुण्याच्या डीपीवर तावातावाने बोलतो आणि आपल्याच बरोच्या लोकल प्लॅनचं नावही माहीत नसतं, हे जरा बघा.

तिसरं: ड्रॉइंग वाचा, अंदाजाने चिडू नका

रेफरन्स नंबर साइटवर टाकला की 'डॉक्युमेंट्स' मध्ये सगळ्या फाइली मिळतात. लोकेशन प्लॅन, ब्लॉक प्लॅन, मजल्यांचे प्लॅन, एलिव्हेशन म्हणजे समोरून-मागून-बाजूने दिसणारी चित्रं, आणि प्रत्येकाचं 'एक्झिस्टिंग' आणि 'प्रपोज्ड'. दोन्ही शेजारी शेजारी उघडून बघा, काय बदलतंय ते एका कागदावर लिहा.

कुठे बघायचं सांगतो. आधी लोकेशन प्लॅनवरची लाल रेघ, ती अर्जदाराच्या जागेभोवती असते, ती तुमच्या बागेत शिरलेली नाही ना बघा. पाया किंवा छपराची पन्हळ (गटर) तुमच्या हद्दीत येत असेल तर अर्जदाराने तुम्हाला रीतसर नोटीस द्यायला हवी होती आणि फॉर्मवर 'सर्टिफिकेट बी' असायला हवं, 'ए' (सगळी जागा माझीच) असेल तर ते चुकीचं आहे, हे ताबडतोब ऑफिसरला कळवा. मग बाजूच्या भिंतीतल्या नवीन खिडक्या, कुठल्या खोलीच्या आहेत, काच दुधी आहे का. मग सपाट छप्पर आणि त्यावर उघडणारं दार, म्हणजे उद्या तिथे बाल्कनी होणार. मग जमिनीची पातळी, उतारावरच्या गल्लीत शेजाऱ्याची जमीन तुमच्यापेक्षा अर्धा मीटर वर असेल तर ३ मीटरची भिंत तुमच्या बाजूने साडेतीन मीटर होते आणि ड्रॉइंगमध्ये बऱ्याच वेळा जमीन सपाटच काढलेली असते. आणि मुख्य म्हणजे तुमचं घर त्यात दाखवलंय का? पुष्कळ ड्रॉइंगमध्ये शेजारचं घर म्हणजे नुसता रिकामा चौकोन असतो, तुमची किचनची खिडकी, कन्झर्व्हेटरी (घराला जोडलेली काचेची खोली) काहीच नाही. ऑफिसरला ते कळणार कुठून? तुम्हीच सांगायचं.

प्लॅनवर स्केल लिहिलेलं असतं, १:१०० किंवा १:५०, आणि कागदाचा साइज ए३ वगैरे. त्याच साइजवर प्रिंट काढली तरच पट्टीने मोजता येतं, घरच्या प्रिंटरवर 'फिट टू पेज' करून ए४ काढलीत तर मापं सगळी चुकणार. स्केल बार असेल तर त्यावरून पडताळून घ्या.

चौथं: कुठला मुद्दा चालतो, कुठला नाही

इथे जरा थांबून वाचा, कारण आलेल्या हरकतींपैकी भरपूर हरकती यावर गळतात.

न चालणारे मुद्दे आधी, कारण तेच सगळ्यात आधी सुचतात. माझ्या घराची किंमत पडेल: चालत नाही. लांबवरची टेकडी किंवा पार्क दिसायचं बंद होईल: नाही. बांधकामाचा आवाज, धूळ, बिल्डरच्या व्हॅन: तात्पुरतं आहे, त्यासाठी परवानगी नाकारत नाहीत, फार तर कामाच्या वेळांची अट घालतात. कुंपण नक्की कोणाचं, हद्द कुठे, घराच्या डीडमध्ये कव्हेनंट (खरेदीखतातली बंधनाची अट) आहे: हा तुमचा त्यांचा दिवाणी वाद. शेजारी भाड्याने देण्यासाठी करतोय, पैसे कमावण्यासाठी करतोय: हेतू बघत नाहीत. आधीच बांधून टाकलं आणि आता अर्ज केलाय: याचा राग येणं साहजिक आहे पण कायद्याने तसा अर्ज करता येतो, आणि तो बाकीच्यांसारखाच तपासतात. सामाईक भिंतीला धक्का लागेल: त्यासाठी १९९६ चा पार्टी वॉल कायदा आहे, त्याची नोटीस शेजारी तुम्हाला वेगळी देईल, ती आली की १४ दिवसांत उत्तर द्या, पण प्लॅनिंगच्या कॉमेंटमध्ये ते लिहून जागा वाया घालवू नका.

आणि तिथे कोण राहायला येणार, कुठल्या देशाचे, कुठल्या धर्माचे, हे चुकूनही लिहू नका. असली कॉमेंट कौन्सिल काढून टाकते आणि बरोबर करते. उद्या आपल्या मंडळाने हॉलसाठी अर्ज केला की गणपतीच्या ढोल-ताशावरून आपल्याबद्दल असंच कोणीतरी लिहिणार आहे, तेव्हा आवाजाची पातळी आणि वेळा यावर बोलायचं, माणसांवर नाही.

आता चालणारे. उजेड कमी होणं चालतं, पण राहत्या खोल्यांचा: हॉल, बेडरूम, बसून जेवायला जागा असलेलं किचन. बाथरूम, जिना, पॅसेज यांचा उजेड गेला तर फारसं धरत नाहीत. बहुतेक कौन्सिलांच्या डिझाइन गाइडमध्ये ४५ अंशाचा नियम असतो, तुमच्या खिडकीपासून प्लॅनवर ४५ अंशात रेघ ओढायची आणि ती नवीन भिंतीला कापते का बघायचं. रेघ खिडकीच्या मध्यातून ओढायची की कडेवरून ते प्रत्येक कौन्सिलचं वेगळं असतं, म्हणून आपल्या कौन्सिलचं गाइड उघडूनच करा. शाळेतला कोनमापक घ्या, प्रिंटवर रेघ ओढा, फोटो काढून कॉमेंटला जोडा. त्या एका रेघेने जे काम होतं ते दोन पानी वैतागाने होत नाही. (वीस वर्षांपासून त्या खिडकीला उजेड येतोय म्हणून तो माझा हक्क, असा एक वेगळा दिवाणी हक्क इथे आहे, पण तो कोर्टाचा विषय, प्लॅनिंगमध्ये आणू नका.)

खाजगीपणा चालतो. नवीन वरच्या मजल्याच्या खिडकीतून तुमच्या बेडरूममध्ये किंवा घराला लागून असलेल्या पॅटिओवर सरळ दिसणार असेल तर लिहा, अंतर मीटरमध्ये लिहा. मागच्या खिडकी ते मागची खिडकी २१ मीटर असा आकडा बऱ्याच कौन्सिलांच्या गाइडमध्ये सापडतो, तुमच्याकडे किती ते बघा. पण बागेच्या टोकाचा कोपरा वरून दिसतो एवढ्यावर काही होत नाही, गल्लीतल्या सगळ्यांच्या बागा एकमेकांना दिसतातच.

टेकडी दिसायची बंद झाली ते चालत नाही म्हटलं, पण खिडकीसमोर दोन-तीन मीटरवर दुमजली कोरी भिंत येऊन कोंडल्यासारखं होणार असेल तर ते चालतं, त्याला ते लोक 'ओव्हरबेअरिंग' म्हणतात आणि हा चांगला दणकट मुद्दा आहे, विशेषतः तुमच्या दुसऱ्या बाजूलाही आधीच एक्स्टेन्शन झालेलं असेल आणि तुम्ही मधे बोगद्यात सापडणार असाल तर.

पार्किंग आणि रहदारी चालते पण 'आधीच पार्किंग नाही' एवढ्याने काही होत नाही, राष्ट्रीय धोरणच सांगतं की रस्त्याच्या कारणावरून नाकारायचं तर सुरक्षिततेला खरा धोका किंवा रहदारीवर फारच गंभीर परिणाम दाखवावा लागतो. त्यामुळे रात्री दहाच्या सुमाराचे गल्लीचे फोटो तारखेसकट, शाळा सुटायच्या वेळेचे फोटो, वळणावर समोरून येणारी गाडी दिसत नाही ती जागा, हे द्या. नंबर प्लेट झाका. घराचं एचएमओ होत असेल, म्हणजे खोलीखोलीने भाड्याने, तर आधी बघा की तुमच्या भागात 'आर्टिकल ४' (परवानगीशिवायची सवलत काढून घेणारा कौन्सिलचा आदेश) लागू आहे का. नसेल तर सहा माणसांपर्यंतच्या एचएमओला बऱ्याचदा प्लॅनिंग परवानगीच लागत नाही.

बाकी गल्लीच्या रूपाला न शोभणारं डिझाइन, संरक्षित झाड, कॉन्झर्वेशन एरिया (जतन केलेला भाग), लिस्टेड बिल्डिंग (वारसा म्हणून नोंदलेली इमारत), पुराचं आणि ड्रेनेजचं पाणी, वटवाघळं, हे सगळे चालतात. वटवाघळांना हसू नका, इथे त्यांना कायद्याचं चांगलंच संरक्षण आहे आणि जुन्या लॉफ्टमध्ये ती खरोखर असतात. पण नसलेली वटवाघळं आणू नका.

पाचवं: मुद्द्याला पॉलिसीचा नंबर लावा

२००४ च्या कायद्याचं कलम ३८(६) असं आहे की निर्णय कौन्सिलच्या डेव्हलपमेंट प्लॅनप्रमाणेच (त्यात मुख्य म्हणजे वर सांगितलेला लोकल प्लॅन) द्यायचा, तसं न करण्यासारखं दुसरं सबळ कारण असेल तरच वेगळं. म्हणजे ऑफिसर स्वतःच्या आवडीने 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकत नाही, त्याला पॉलिसी, म्हणजे प्लॅनमधला नंबर दिलेला नियम, दाखवावी लागते. मग ती तुम्हीच काढून द्या ना. कौन्सिलच्या साइटवर लोकल प्लॅनची पीडीएफ असते, शंभर-दोनशे पानं असतात, सगळी वाचायची नाहीत, 'अमेनिटी' (शेजाऱ्यांचा उजेड, खाजगीपणा वगैरे), 'रेसिडेन्शियल एक्स्टेन्शन', 'पार्किंग' असे शब्द सर्च करा. दोन-तीन पॉलिसी नंबर आणि डिझाइन गाइडमधला एखादा परिच्छेद मिळाला की पुरे.

याहून सोपा रस्ता म्हणजे तुमच्याच भागातले आधी नाकारलेले अर्ज शोधा. साइटवर 'रिफ्यूज्ड' फिल्टर लावून तसंच एखादं एक्स्टेन्शन सापडलं तर त्याचा ऑफिसर रिपोर्ट वाचा, नाकारायची कारणं कुठल्या भाषेत आणि कुठल्या पॉलिसीखाली लिहितात ते तिथे तयारच मिळतं. ती शब्दरचना लक्षात ठेवा.

सहावं: आता लिहा

एक पान, फार तर दीड. वर रेफरन्स नंबर, पत्ता, तुमचा पत्ता आणि अर्जाच्या जागेशी तुमचं नातं, म्हणजे 'मी पूर्वेकडच्या लगतच्या घरात राहतो'. मग मुद्दे, महत्त्वाचा पहिला. प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी: ड्रॉइंगमध्ये काय आहे, त्याने माझ्या कुठल्या खोलीला काय होतं, माप किती, कुठली पॉलिसी मोडते. इंग्रजीत लिहायचंय पण मजकूर साधारण असा: "प्रपोज्ड फर्स्ट फ्लोअर प्लॅनवर मागची भिंत आमच्या मागच्या भिंतीपेक्षा ४ मीटर पुढे येते आणि हद्दीपासून फक्त ३० सेंटीमीटरवर आहे. आमच्या मागच्या बेडरूमला ती एकच खिडकी आहे. त्या खिडकीपासून ४५ अंशाची रेघ नवीन भिंतीला कापते, सोबत जोडली आहे. डिझाइन गाइडमधला अमुक परिच्छेद आणि लोकल प्लॅनमधली अमुक पॉलिसी यात हे बसत नाही." बस. 'हे अत्यंत संतापजनक आहे' वगैरे काही नको. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, व्याकरणाला मार्क नाहीत.

तुमचं नाव, पत्ता आणि कॉमेंट बहुतेक ठिकाणी साइटवर सगळ्या जगाला दिसते, शेजाऱ्याला तर नक्कीच. निनावी कॉमेंट सहसा धरत नाहीत. फोन आणि ईमेल कौन्सिल झाकते पण तुम्ही मजकुरातच 'माझी आई आजारी असते, दुपारी घरी एकटी असते' असं लिहिलंत तर ते कदाचित तसंच छापलं जाईल, म्हणून तब्येतीची, मुलांची, घरी कोण कधी नसतं याची माहिती टाकू नका. शेजाऱ्याच्या स्वभावाबद्दल एक शब्दही नको, उद्या त्याच्याशेजारीच राहायचंय, कचऱ्याची बिनं त्याच गल्लीत ओढायची आहेत. जमलं तर लिहायच्या आधी जाऊन बोला, चहा घेऊन बसा, कधी कधी शेजाऱ्याला खरंच माहीत नसतं की त्याच्या आर्किटेक्टने खिडकी कुठे काढलीये, आणि तो बदलून घेतो.

घरातल्या दोघांनी वेगवेगळ्या कॉमेंट टाकल्या तर चालतं, पण मजकूर वेगळा आणि मुद्दे खरेच वेगळे असतील तर टाका.

आता माझ्या मते सगळ्यात उपयोगी भाग, जो लोक विसरतात. घरगुती एक्स्टेन्शनचे अर्ज इथे बहुतेक वेळा मंजूरच होतात. त्यामुळे 'नाकारा' एवढंच मागून थांबू नका, खाली एक परिच्छेद लिहा की मंजूर करायचंच असेल तर या अटी घाला: बाजूच्या खिडकीला दुधी काच आणि त्या खोलीच्या फरशीपासून १.७ मीटरच्या खाली उघडता न येणारी, सपाट छपराचा बाल्कनी म्हणून वापर नको, कामाच्या वेळा, वरचा मजला हद्दीपासून एक मीटर मागे. हे ऑफिसरला द्यायला सोपं असतं आणि बऱ्याचदा तो अर्जदाराकडून सुधारित ड्रॉइंगच मागवतो. सुधारित ड्रॉइंग आल्यावर परत कळवतीलच असं नाही, आणि कळवलं तरी मुदत २१ दिवसांपेक्षा कमी असू शकते, म्हणून मधूनमधून साइट बघत राहा.

सातवं: काउन्सिलर आणि कमिटी

बहुतेक अर्ज ऑफिसरच निकाली काढतात, काउन्सिलरांच्या (नगरसेवकांच्या) प्लॅनिंग कमिटीपुढे थोडेच जातात. तुमच्या वॉर्डच्या काउन्सिलरला पत्र लिहून अर्ज कमिटीपुढे न्यायची विनंती करता येते, याला 'कॉल-इन' म्हणतात, पण त्याची मुदत असते आणि प्लॅनिंगचं कारण द्यावं लागतं, नियम प्रत्येक कौन्सिलचे वेगळे, म्हणून पहिल्याच आठवड्यात लिहा. नगरसेवकाला फोन करून 'साहेब, एवढं काम करा' ही आपली सवय इथे चालत नाही. कमिटीवरचा काउन्सिलर तुम्हाला आधी शब्द देऊच शकत नाही, त्याने मत आधीच बनवलंय असं दिसलं तर त्याला त्या अर्जावर मतदान करता येत नाही. त्याने गुळमुळीत उत्तर दिलं तर नाराज होऊ नका.

कमिटीचा अजेंडा आणि ऑफिसरचा रिपोर्ट मीटिंगच्या किमान पाच कामाचे दिवस आधी साइटवर येतो. बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं, वेळ साधारण तीन मिनिटं, आणि बऱ्याच ठिकाणी सगळ्या विरोधकांना मिळून तीनच. रिपोर्ट वाचा, तुमच्या कुठल्या मुद्द्याला उत्तर दिलेलं नाही किंवा माप चुकीचं धरलंय ते शोधा आणि फक्त तेवढंच बोला. घड्याळ लावून घरी दोनदा वाचून बघा, वेळ संपली की खरंच माइक बंद करतात.

निकालानंतर

नाकारलं तर अर्जदार अपील करू शकतो, घरगुती अर्जाला १२ आठवड्यांत, प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट या सरकारी संस्थेकडे. घरगुती अपिलात शेजाऱ्याला नव्याने काही म्हणायची संधी नसते, तुमची जुनी कॉमेंटच पुढे पाठवतात. म्हणून 'आत्ता थोडं लिहितो, पुढे बघू' करू नका, जे आहे ते पहिल्याच कॉमेंटमध्ये यायला हवं.

मंजूर झालं तर तुम्हाला अपील नाही. हे ऐकून सगळे चिडतात पण इंग्लंडमध्ये ते तसं आहे (डब्लिनला राहणाऱ्या मंडळींचं वेगळं, तिथे पाच आठवड्यांच्या आत २० युरो भरून म्हणणं नोंदवलेल्या माणसाला पुढे अपील करता येतं). इथे फक्त ज्युडिशियल रिव्ह्यू (निर्णयाला कोर्टात आव्हान) उरतो, सहा आठवड्यांच्या आत हायकोर्टात, तोही कौन्सिलने कायद्याची चूक केली असेल तरच, निर्णय आवडला नाही म्हणून नाही. खर्च प्रचंड आहे, एका किचन एक्स्टेन्शनसाठी कोणी त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. कौन्सिलने पद्धतच पाळली नाही, तुमची कॉमेंट बघितलीच नाही, असं असेल तर आधी कौन्सिलकडे तक्रार आणि मग ऑम्बुड्समन (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणारा स्वतंत्र अधिकारी), ते फुकट आहे, पण ऑम्बुड्समन दिलेली परवानगी रद्द करू शकत नाही.

त्यापेक्षा मंजूर ड्रॉइंग आणि अटींचं पत्र डाउनलोड करून ठेवा आणि काम सुरू झालं की बघत राहा. भिंत जास्त उंच चढली, दुधी काचेच्या जागी साधी बसली, तर कौन्सिलच्या एन्फोर्समेंट (नियमभंगावर कारवाई करणाऱ्या) टीमला फोटो आणि मापासकट लिहा, तक्रार करणाऱ्याचं नाव ते सहसा सांगत नाहीत. लवकर लिहा, सिमेंट ओलं असताना बदल होतात, वर्षभराने होत नाहीत. बऱ्याचदा कौन्सिल अर्जदारालाच सांगते की जे बांधलंय त्यासाठी नवीन अर्ज करा, मग त्याला नवीन रेफरन्स नंबर मिळतो आणि नवीन २१ दिवस सुरू होतात. तुमची जुनी कॉमेंट त्या नंबराखाली आपोआप जात नाही, ती परत टाकावी लागते, बदललेल्या मापांसकट.